हिरड्याचं पाणी, लेथचा कीस

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर सात महिने मी रोज स्टुडिओत जात होते आणि रोज तिथे झाडू मारत होते.

स्टुडिओ म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा अर्धा गाळा. उरलेल्या अर्ध्यात एक जण कापडी पिशव्या शिवतो. खाली तळमजल्यावर लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप आहे, मधल्या मजल्यावर खोकी छापतात. लोखंडाची बारीक धूळ जिन्याने वर येते, खिडकीतून येते, चपलांना चिकटून येते, त्यामुळे झाडायला रोज काहीतरी असायचंच. झाडून झालं की ब्रश धुवायचे, आदल्या दिवशी न वापरलेलेच. मग चहा. मग कागद बोर्डावर ताणून चारी बाजूंनी टेप लावायची, ती वाकडी आली म्हणून काढून परत लावायची. साडेबाराला डबा. तीन वाजता मी घरी जायला निघायचे आणि पिशवीवाला न चुकता विचारायचा, "झालं का ताई आजचं?" मी म्हणायचे, "झालं."

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. त्याआधीचं जवळजवळ सगळं वर्ष एका प्रकाशनाच्या चोवीस पुस्तिकांच्या संचात गेलं. सगळं काम टॅबलेटवर. हत्ती जरा आनंदी करा, आजी जरा तरुण करा, मग आजी आजीसारखी वाटत नाही, परत करा. शेवटी संच निघालाच नाही. पैसे अर्धे मिळाले, त्याचं दुःख आहेच. पण खरं नुकसान नंतर लक्षात आलं. टॅबलेटवर दोन बोटांनी टकटक केलं की काढलेली रेघ मागे जाते. एके दिवशी कागदावर पेन्सिलची रेघ चुकली आणि माझी दोन बोटं आपोआप कागदावर टकटक करू लागली. त्या दिवशी मी एक वाजताच घरी आले.

ठाण्यात राहून चित्रं काढणाऱ्या माणसाला दोन सल्ले फुकट मिळतात. तलावपाळी काढ, नाहीतर फ्लेमिंगो काढ. मी दोन्ही काढले. मासुंदा तलावाच्या कठड्यावर बसून होड्या काढल्या, कौपिनेश्वराचा कळस काढला, मागून भेळवाल्याने "मॅडम, माझी गाडी पण घ्या" म्हटलं म्हणून ती घेतली. ऐरोलीहून बोटीने खाडीत जाऊन फ्लेमिंगोही पाहिले. २०१५ साली ते अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, आणि खरोखर पाहण्यासारखं आहे. पण घरी येऊन चित्रं मांडली तर ती बँकेच्या कॅलेंडरसारखी दिसत होती. पक्ष्यांचा काही दोष नाही. मी जे पाहिलं ते आधीच कोणीतरी पाहून ठेवलेलं होतं आणि मी फक्त त्यात रंग भरून आले.

मग जूनमध्ये मेंदीची कढई आली.

माझ्या सासूबाई महिन्यातून एकदा केसांसाठी मेंदी भिजवतात. लोखंडी कढईत चहाचं कडक उकळलेलं पाणी, त्यात मेंदी आणि आवळापूड, आणि रात्रभर झाकण. ती कढई वेगळी आहे, स्वयंपाकाची नाही. तिच्यात कोणी फोडणी घातली तर घरात महाभारत होईल. त्या रविवारी मी कामाचं सोंग म्हणून जेवणाच्या टेबलावर ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागद पसरून ठेवला होता, त्यावर काहीही न काढता. आईंनी ढवळून झालेला चमचा सहज त्यावर ठेवला.

"अगं, डाग पडला वाटतं," त्या म्हणाल्या आणि पदराने पुसायला लागल्या.

डागाची कड तपकिरी होती, मधोमध निळसर काळा. संध्याकाळी पाहिलं तर तो जास्त काळा झाला होता. दुसऱ्या दिवशी नळाखाली धरला. मेंदीचा लालसरपणा थोडा वाहून गेला, काळा हलला नाही. मी कागद खिडकीत सुकायला लावला आणि ऑफिसला उशीर झाल्यासारखी स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे काळं कशाने झालं?"

"कढई लोखंडाची ना. आवळा लोखंडात काळाच पडतो. केळफूल विळीवर चिरतेस तेव्हा विळी बघत नाहीस का?"

बघते. वीस वर्षं बघते आहे. हाताला तेल लावते, चिरलेलं ताकात टाकते, विळी चिंचेने घासते. बोटांवरचा काळा डाग आणि माझा धंदा यांचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

संबंध असा आहे. चहा, आवळा, हिरडा, सुपारी, डाळिंबाची साल, कच्चं केळं, या सगळ्यांत टॅनिन असतं. आपल्या जिभेला ते तुरट लागतं. विरघळलेलं लोखंड टॅनिनला भेटलं आणि त्याला हवा लागली की काळा रंग तयार होतो, आणि तो कागदाच्या तंतूंतच तयार होत असल्यामुळे धुऊन जात नाही. म्हणजे शाईसाठी काय चालेल हे तपासायचं यंत्र तोंडातच आहे. (तुरटी सोडून. ती तुरट असते, पण काळं करत नाही. मी करून पाहिलं.)

सोमवारी स्टुडिओत न जाता जांभळी नाक्यावर गेले. तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात पाव किलो हिरडा मागितला.

"बाळहिरडा की सुरवारी?"

"शाई करायचीय."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. आवळ्याची पूड, शिकेकाई, हिरडा मागणाऱ्या बायका त्याला रोज भेटत असणार, शाईवाली पहिलीच. "मग सुरवारी घ्या," तो म्हणाला, "मोठा असतो, फोडायला सोपा. आणि चुकून प्यायलात तर जास्त लांब जाऊ नका." त्याच्याकडे हिराकसही होतं, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, फिकट हिरव्या खड्यांचं. तेही घेतलं.

हिरडा खलबत्त्यात भरड कुटून रात्रभर भिजवला, सकाळी उकळला, गाळला. चहापेक्षा फिकट पिवळं पाणी निघालं. त्यात हिराकसचं चिमूटभर पाणी टाकलं आणि पेला काळा झाला. दोन मिनिटं लागली. शाई तयार. अकरा वाजले होते आणि माझ्याकडे परत काही काम नव्हतं.

तेव्हा जाणवलं की मला शाई हवी होती असं नाही. शाई दुकानात मिळते. सकाळी उठून कशाचं काय झालं हे बघायला जावंसं वाटणं, ते हवं होतं. शिवाय हिराकस जरा जास्त पडलं की शाई आम्ल होते आणि पुढे कागद खाते; जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या जागी भोकं पडलेली असतात ती यामुळेच. तेव्हा हळू होणारं लोखंड शोधायला लागले. आंध्रात श्रीकाळहस्तीला आणि मछलीपट्टणमला कलमकारीचं काम करणारे कारागीर लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी एकत्र आंबवून ठेवतात. गुळाचं पाणी आंबून आम्ल होतं, त्यात लोखंड विरघळतं. हिरड्यात बुडवून वाळवलेल्या कापडावर तो द्रव लागला की काळी रेघ उमटते. दोन-तीन आठवडे थांबावं लागतं.

तळमजल्यावर लेथवाल्या काकांकडे गेले. पाच वर्षं त्यांच्या दारावरून जिना चढत होते, बोलणं एवढंच, "लाइट गेली का?" "तुमच्याकडेही?" मी कातताना पडणारा लोखंडाचा कीस मागितला. त्यांनी विचारलं नाही कशाला. गोण्याच भरलेल्या होत्या, भंगारवाला नेतो. मी गुंडाळ्या गुंडाळ्यांचा निळसर, चमकदार कीस चिनी मातीच्या बरणीत भरला, गूळ घातला, पाणी घातलं, फडकं बांधलं.

दहा दिवस काही झालं नाही. गूळ आंबला, चिलटं आली, पिशवीवाल्याने नाक धरलं, पण लोखंड होतं तसं चमकत बसलेलं. काकांना वर बोलावलं. त्यांनी बरणीत बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं.

"अहो ताई, याला कटिंग ऑइल आहे. गंजू नये म्हणून तर असतं ते. आणि तुम्हाला गंजवायचंय?"

"हो."

"माझा जन्म गेला गंज वाचवण्यात," ते म्हणाले आणि खाली निघून गेले. संध्याकाळी एका पत्र्याच्या डब्यात भाजलेला कीस घेऊन आले. ज्योतीच्या टॉर्चने तेल जाळून टाकलं होतं. वर सल्ला: आता निरम्यात धुवा, उन्हात टाका, तांबूस झाला की घाला.

दुसऱ्या बरणीला मी फडक्याऐवजी घट्ट झाकण लावलं, चिलटांना कंटाळून. आंबणाऱ्या वस्तूला झाकण लावू नये हे इडलीचं पीठ करणाऱ्या बाईला माहीत असायला हवं. चौथ्या दिवशी सकाळी गाळा उघडला तर झाकण एका कोपऱ्यात आणि छतापर्यंत तपकिरी फवारा. पिशव्यांचा एक गठ्ठा खराब झाला, तो मी विकत घेतला. बत्तीस पिशव्या. अजून वापरते आहे.

झाडताना पाहिलं तर फरशीवरची नेहमीची धूळही तांबूस होती. फ्रिजवरचं चुंबक आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि केरावरून फिरवलं. पिशवीला काळी-तांबडी लव फुटल्यासारखी धूळ चिकटली. बिनतेलाची, अर्धी गंजलेली, फुकट. तिसरी बरणी त्या केराची लावली, फडकं बांधून, आणि ती चालली. आठव्या दिवशी फेस, बाराव्या दिवशी ताडीसारखा वास, सतराव्या दिवशी हिरड्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्टीवर एक थेंब टाकला. आधी करडा. मग श्वास घेतल्यासारखा काळा होत गेला.

काळ्याचं हे वागणं घरी दाखवलं तेव्हा आईंनी एकच विचारलं, "मायफळ घेतलंस का? हिरड्याहून तुरट असतं ते."

मायफळ गुटीतलं. माझी मुलगी आता पंधरा वर्षांची आहे, पण तिची गुटीची डबी आईंनी जपून ठेवलेली: वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, मायफळ, आणि सहाण. मायफळाची एक बाजू उगाळून सपाट झालेली. पहिले काही महिने दोन वेढे, मग वाढवत नेलेले. त्या सगळ्या वेढ्यांचा हिशेब त्या सपाट बाजूवर होता.

मायफळ हे फळ नसतंच. ओकच्या फांदीवर एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते आणि झाड त्या अळीभोवती कठीण गोळा तयार करतं, तो हा. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात, सीरियाकडे, तुर्कस्तानात होतं. अलेप्पोच्या बाजारातलं उत्तम मानलं जायचं. आणि युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज, पत्रं, नोंदवह्या ज्या शाईने लिहिल्या गेल्या ती याच गोळ्यांची आणि लोखंडाची. तिकडे त्याची शाई झाली, इकडे आपण ते सहाणेवर उगाळून बाळांना चाटवत आलो. मला हे वाचून इतकं हसू आलं की मुलगी खोलीतून बाहेर आली. तिला सांगितलं, तुझ्या पोटात दोन वर्षं शाईच जात होती. ती म्हणाली, "म्हणूनच मला निबंध येत नाही, सगळी आधीच संपली."

मी सहाणेवर त्या मायफळाचे दहा वेढे घेतले. आईंनी हात धरला, "सगळं संपवू नकोस." थोडंसं दुधी पाणी जमलं, त्यात केराच्या लोखंडाचा एक थेंब. हिरड्याचा काळा किंचित हिरवट असतो. हा निळा-जांभळा काळा होता. त्या थेंबभर शाईत मी सहाण काढली. तळहाताएवढं चित्र. सात महिन्यांत पुसावंसं न वाटलेलं पहिलं.

यानंतरच्या दोन महिन्यांत जे झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरी मजा तिथे आहे.

शाई आधी बनवून मग तिने काढण्याऐवजी मी उलटं करायला लागले. आधी नुसत्या हिरड्याच्या पाण्याने चित्र काढायचं. ओलं असताना ते दिसतं, वाळलं की जवळजवळ नाहीसं होतं, कागद किंचित पिवळट दिसतो एवढंच. म्हणजे आपण काय काढलं ते लक्षात ठेवून पुढचं काढायचं. मग वाळलेल्या कागदावरून रुंद ब्रशने लोखंडाचं पाणी एका दमात फिरवायचं. जिथे हिरडा आहे तिथे काळं उमटतं, जिथे नाही तिथे फिकट पिवळट राहतं. हिरडा एकदा लावला तिथे राखाडी, तीनदा लावला तिथे गडद.

पहिलं मोठं चित्र तळमजल्यावरच्या वर्कशॉपचं केलं. काका लेथवर वाकलेले, वर लोंबणारा दिवा, गोण्या. आठवणीतून आणि जवळजवळ आंधळेपणाने, कारण दुपारपर्यंत पहिला अर्धा भाग दिसेनासा झाला होता. लोखंड फिरवलं. काका आले, दिवा आला, गोण्या आल्या, आणि त्यांच्यासोबत मी न काढलेलंही सगळं आलं. डाव्या बाजूला माझ्या मनगटाचा ठसा, कारण हिरड्याचा हात टेकला होता. वर छताच्या जागी आख्खा अंगठा, रेषारेषांसह. खालच्या कोपऱ्यात कपाचं अर्धं वर्तुळ. या प्रकारात लपवायला काही जागाच नाही. हात कुठे टेकला, कुठे थांबला, कुठे शिंतोडा उडाला, सगळ्याची साक्ष कागद देतो. माझा जीव थोडा झाला. मग चित्र भिंतीला लावून लांबून पाहिलं तर छतातला तो अंगठा धुरासारखा दिसत होता, आणि तो नसता तर वर्कशॉप नुसतं नीटनेटकं दिसलं असतं.

पुढच्या कागदांवर मी अंगठे मुद्दाम उमटवले. ते फसले. मुद्दाम उमटवलेला अंगठा आधार कार्डासारखा दिसतो. मग सोडून दिलं. जे टेकेल ते टेकेल.

डोळ्यांना मात्र एक रोग जडला. रस्त्याने जाताना डागच दिसायचे. खिडक्यांच्या ग्रिलखाली भिंतीवर उतरलेले गंजाचे ओघळ, वागळे इस्टेटच्या प्रत्येक जुन्या इमारतीवर आहेत. टपरीच्या फळीवर चहाची वर्तुळं, खिळ्याजवळची काळी आणि खिळ्यापासून लांबची तपकिरी. ठाणे स्टेशनातल्या रुळांमधली खडी मुळात करडी असते पण ब्रेकच्या लोखंडी धुळीने तपकिरी होते. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला इथे आली, तेव्हापासून हे शहर गंजाच्या सान्निध्यात आहे, आणि मी त्याचं चित्र म्हणून कायम तलावच बघत होते.

श्रावणात एका संध्याकाळी मुलीला घेऊन चेंदणी कोळीवाड्यात गेले. ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीच्या फळ्यांत प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ होतं. लाकडातही टॅनिन असतं, पावसाचं पाणी खिळ्यावरून उतरतं, आणि होडी स्वतःच शाई करत बसते. मी ती वर्तुळं उतरवत असताना एक मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. होडी सोडून खिळेच का काढते आहे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सांगितल्यावर म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या काळी जाळी सुताची असायची, ती झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून घ्यायचे, नाहीतर कुजायची. ऐनाची साल. हात आठवडाभर तांबडे राहायचे. नायलॉन आलं आणि ते भांडं भंगारात गेलं. त्या भांड्याबद्दल त्यांनी दोनदा सांगितलं, केवढं मोठं होतं ते हाताने दाखवून.

त्यांना विचारूनच मी डबाभर खाजणातला चिखल घेतला. ओला असताना काळा कुळकुळीत. घरी वाळवला तर दोन दिवसांत तपकिरी-करडा झाला, कारण त्यातलं लोखंड हवेत आलं की बदलतं. वास मात्र बदलला नाही. तो डबा आता गच्चीत आहे, आईंच्या हुकुमाने.

बाकीचे प्रयोग थोडक्यात. श्रावण-भाद्रपदात सगळ्या बाटल्यांना बुरशी आली. प्रत्येकीत लवंगतेलाचे दोन थेंब घातल्यावर थांबली, आणि गाळ्याला दाताच्या डॉक्टरांकडचा वास येऊ लागला. डाळिंबाच्या सालीच्या काढ्यात तुरटी आणि मग धुण्याचा सोडा घातला तर रंग खाली बसतो, गाळून वाळवला की पूड मिळते. सोडा एकदम घातला तर भांड्याबाहेर फेस येतो, हेही कळलं. अशा पुडीला इंग्रजीत लेक म्हणतात. ठाण्याच्या तलावांशी त्याचा संबंध नाही. तो शब्द आपल्या लाखेवरून तिकडे गेला. ही माहिती मी कौतुकाने घरी सांगितली, तर माझी लेक म्हणाली, "म्हणजे मी भुकटी."

काजळाची गोष्ट वेगळी. आईंच्या मते लोखंडाची शाई ही शाईच नव्हे, शाई काजळाची. पुरावा म्हणून त्यांनी आजेसासऱ्यांची मोडीतली हिशेबाची वही काढली. बोरूने लिहिलेली, कागद बिस्किटासारखा झालेला, अक्षर कालचं वाटावं इतकं काळं. मग आम्ही दोघींनी काजळ धरलं: एरंडेलाची पणती, तीन वाट्यांवर टेकवलेली तांब्याची ताटली. सकाळी ताटली खरवडली तर चमचाभर निघालं. ते पाण्यात मिसळेना, वर तरंगतं. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून त्यात खलावं लागलं, दीड-दोन तास, आळीपाळीने. रेघ सुंदर येते, मखमली. उन्हाने उडत नाही. पण ओलं बोट फिरवलं की पुसली जाते. काजळ कागदावर बसतं, लोखंड कागदात उतरतं. आईंना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, ओलं बोट फिरवायचंच कशाला?

दसऱ्याला मी खिडकीत पट्ट्या लावल्या, प्रत्येक रंगाची एक, अर्धी काळ्या कागदाने झाकलेली. कुठला रंग किती टिकतो ते बघायला, कारण लोक विचारायला लागले होते. हळद आठवड्यात उतरली. गोकर्णाच्या फुलांचा निळा, ज्यावर माझा फार जीव होता, त्याआधीच करडा झाला. कांद्याच्या सालीचा केशरी दिवाळीपर्यंत निम्मा राहिला. डाळिंबसाल टिकली. हिरडा-लोखंडाचा काळा टिकला, कडेने किंचित तपकिरी झाला. माझ्या मावसबहिणीला हॉलसाठी पिवळ्यात चित्र हवं होतं, सोफ्याला जुळणारं. तिला पट्टी दाखवली आणि हळदीचं चित्र हवं असेल तर कपाटात ठेवून मुंज-लग्नाला बाहेर काढावं लागेल म्हटलं. तिने छापील चित्र घेतलं. ते छान दिसतं, खरंच.

आतापर्यंत एकतीस कागद झालेत. बहुतेक डागांचे, ओघळांचे, खिळ्यांचे, तीन वर्कशॉपचे, एक मेंदीच्या कढईचा, तो आईंनी त्यांच्या खोलीत लावला आहे. एका नव्या प्रकाशनाचं कामही आलंय, टॅबलेटवरचंच. दुपारी ते करते आणि त्याचा राग येत नाही. सकाळ मात्र बरण्यांची. गेल्यावर आधी फडकी सोडून वास घ्यायचा, फेस बघायचा, लाकडी काडीने ढवळायचं, पट्टीवर थेंब टाकून तारीख लिहायची. तोवर थेंबाचा रंग बदलत असतो आणि तो बघता बघता दुसरा कागद पुढ्यात ओढला जातो. कशावरून सुरुवात झाली ते बऱ्याचदा आठवत नाही. झाडू अजून मारते. केर वेगळ्या डब्यात जातो.

परवा काका स्वतःच वर आले. हातात दोन पिशव्या, माझ्याच बत्तीसपैकी, त्यांना मी दिलेल्या.

"हा माइल्ड स्टीलचा, भाजून आणलाय. आणि हा बीडाचा. बीड कोरडंच कापतं, याला तेल लागलेलंच नाही. फरक पडतो का बघा."

बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पूड काळी, रवाळ, हाताला शिसपेन्सिलसारखी लागणारी. दोन्ही बरण्या एकाच दिवशी लावल्या, गूळ तोलून, पाणी मोजून. काका दिवसातून दोनदा जिना चढून बघून जातात. त्यांची पैज बीडावर आहे, चहाची. आज सकाळी बीडाच्या फडक्याखाली पहिला फेस दिसला. माइल्ड स्टीलची बरणी अजून गप्प आहे.